'१७' नंबरप्लेटच्या दोन गाड्या

ब्रिटनमधल्या कुठल्याही गावात अशी जोडी सापडू शकते. दोन टोयोटा प्रियस, मॉडेल एकच. दोघींच्याही नंबरप्लेटवर '१७' हा आकडा, म्हणजे दोन्ही २०१७ च्या मार्च ते ऑगस्ट या काळात रस्त्यावर आलेल्या. दोन्ही हायब्रिड, आणि दोघींच्याही कागदांवर किलोमीटरमागे ७० ग्रॅम कार्बन डायऑक्साइडची नोंद. एकीची नोंदणी शुक्रवारी ३१ मार्चला झाली, दुसरीची शनिवारी १ एप्रिलला. पहिलीच्या मालकाने पुढची आठ वर्षं वाहनकरापोटी एक पेनीही भरली नाही. दुसरीच्या मालकाने पहिल्या वर्षी १५ पौंड भरले, दुसऱ्या वर्षी १३०, तिसऱ्या वर्षी १३५, आणि असं वाढत वाढत आठ वर्षांत हजार पौंडांहून जास्त रक्कम सरकारजमा केली. गाडी तीच, धूर तेवढाच.

कमी धूर सोडणाऱ्या गाडीला कमी कर, हे तत्त्व ऐकायला सोपं वाटतं. प्रत्यक्षात मालकाच्या खिशातून किती जाणार हे सायलेन्सरमधून काय बाहेर पडतं यापेक्षा नोंदणीच्या कागदावर कोणती तारीख आहे यावर जास्त ठरतं. ब्रिटनमधल्या ग्राहकांना हे तेव्हाच कळून चुकलं होतं. मार्च २०१७ मध्ये तिथे साडेपाच लाखांहून जास्त नव्या मोटारी नोंदल्या गेल्या. त्याआधी एका महिन्यात इतक्या कधीच नोंदल्या गेल्या नव्हत्या. एप्रिलमध्ये विक्री आदल्या वर्षीच्या एप्रिलपेक्षा सुमारे २० टक्क्यांनी घसरली.

लोक ज्याला 'रोड टॅक्स' म्हणतात त्या कराचा रस्त्यांशी संबंध तसा जुनाच तुटलेला आहे. १९२१ पासून तिथे गाडीच्या काचेवर कर भरल्याची गोल कागदी चकती लावावी लागे, आणि तो पैसा रस्त्यांसाठीच्या वेगळ्या निधीत जाई. विन्स्टन चर्चिल अर्थमंत्री असताना १९२६ मध्ये त्या निधीत सरकारचा हात गेला आणि १९३७ पासून तर हा कर सरळ सरकारी तिजोरीतच जमा होऊ लागला. चकतीही १ ऑक्टोबर २०१४ ला गेली. तरी 'आम्ही रोड टॅक्स भरतो, सायकलवाले कुठे भरतात?' हा वाद तिथे अजून रंगतो.

धुराचा हिशेब या करात आला तो मार्च २००१ मध्ये. त्याआधी मोटारीवर इंजिनाच्या आकारानुसार कर बसे. नव्या पद्धतीत गाडी किलोमीटरमागे किती ग्रॅम कार्बन डायऑक्साइड सोडते ते पाहून तिला एका गटात टाकलं जाऊ लागलं. हा आकडा दिसतो वैज्ञानिक, पण त्याच्या पोटात आपल्या ओळखीचाच प्रश्न आहे: गाडी ॲव्हरेज किती देते? एक लिटर पेट्रोल जळलं की साधारण २.३ किलो कार्बन डायऑक्साइड तयार होतो. त्यात सूट नाही, कारण इंधनातला कार्बन दुसरीकडे जाणार कुठे? म्हणजे शंभर ग्रॅमची पेट्रोल गाडी ही लिटरला साधारण २३ किलोमीटर देणारी गाडी. २००६ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी शंभर ग्रॅमच्या आतल्या गाड्यांचा कर शून्यावर आणला आणि सगळ्यात जास्त धूर सोडणाऱ्यांसाठी २१० पौंडांचा नवा गट काढला. कंपन्यांना आता नेमकं लक्ष्य मिळालं. पुढच्या काही वर्षांत ९९ ग्रॅम, १०९ ग्रॅम, ११९ ग्रॅम असे सीमारेषेच्या एक पाऊल अलीकडे थांबणारे आकडे जाहिरातींत दिसू लागले. कमी घर्षणाचे टायर, लांब पल्ल्याचे गिअर, सिग्नलला आपोआप बंद पडणारं इंजिन असे उपाय कामाला लागले. चाचणीही प्रयोगशाळेत, ठरलेल्या वेगाने होत असे, त्यामुळे कागदावरचं ॲव्हरेज आणि रस्त्यावरचं ॲव्हरेज यांतलं अंतर वाढतच गेलं.

या काळात खरा फायदा झाला डिझेलचा. डिझेल इंजिन तेवढ्याच अंतरासाठी कमी इंधन पितं, त्यामुळे किलोमीटरमागचे ग्रॅम कमी भरतात. २००० मध्ये ब्रिटनमधल्या नव्या मोटारींपैकी साधारण १४ टक्के डिझेलवर चालत. दशकभरात हे प्रमाण वाढून जवळपास निम्म्यावर पोहोचलं. लोकांनी सरकारचं ऐकलं, याहून वेगळं काही घडलं नव्हतं. पण कराचा तराजू एकच वायू मोजत होता. डिझेलच्या धुरात नायट्रोजनची ऑक्साइडं असतात, आणि शहरातल्या माणसाच्या फुप्फुसाला तीच जास्त त्रास देतात. सप्टेंबर २०१५ मध्ये फोक्सवॅगनची चाचणीतली लबाडी उघड झाली, आणि ज्या गाडीला सरकार कालपर्यंत 'स्वच्छ' म्हणत होतं ती एकाएकी आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहिली. एप्रिल २०१८ पासून नव्या, अधिक कडक निकषांत न बसणाऱ्या नव्या डिझेल गाड्यांना पहिल्या वर्षी एक गट वरचा कर लागू झाला. लंडनने त्याहून कठोर पाऊल उचललं. ८ एप्रिल २०१९ पासून मध्य लंडनमध्ये, आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून महानगराच्या सर्व विभागांत, 'युरो ६' निकष न पाळणाऱ्या डिझेल गाडीला दिवसाला साडेबारा पौंड द्यावे लागतात.

२०११ मध्ये ९९ ग्रॅमची छोटी डिझेल गाडी घेतलेल्या उपनगरातल्या माणसाचा विचार करा. त्याने ती घेतली तीच कर नाही म्हणून. राष्ट्रीय सरकारच्या दप्तरात त्याची गाडी इतकी स्वच्छ की मार्च २०२५ पर्यंत वर्षाचा कर शून्य. महापौरांच्या दप्तरात तीच गाडी इतकी गलिच्छ की मुलीला आठवड्यातून दोनदा पोहायला सोडून यायचं तर पंचवीस पौंड. दोन्ही दप्तरं आपापल्या जागी बरोबर आहेत, भुर्दंड मात्र त्याला एकट्याला.

आता पुन्हा त्या १ एप्रिल २०१७ कडे येऊ. धुरावरचा कर यशस्वी झाला की स्वतःचंच पोट मारतो. लोक कमी धुराच्या गाड्या घेतात, त्या गाड्या खालच्या गटांत जातात, आणि वसुली आटते. ब्रिटनमध्ये नव्या मोटारींची सरासरी २००० मध्ये १८१ ग्रॅम होती, २०१५ पर्यंत ती १२१ च्या आसपास आली. दर तसेच ठेवले तर लवकरच बहुतांश नव्या गाड्या पहिल्या वर्षी काहीच भरणार नाहीत, हे अर्थमंत्री जॉर्ज ऑस्बोर्न यांनी पाहिलं आणि जुलै २०१५ मध्ये नवी पद्धत जाहीर केली. धुराचा हिशेब फक्त पहिल्या वर्षापुरता. दुसऱ्या वर्षापासून सगळ्यांना सरसकट १४० पौंड, हायब्रिडला त्यात दहा पौंडांची सूट, आणि शून्य फक्त पूर्ण विजेवर चालणाऱ्यांना. शिवाय ज्या गाडीची छापील किंमत ४०,००० पौंडांच्या वर, तिला दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं आणखी ३१० पौंड.

तिजोरीच्या दृष्टीने ही पद्धत स्थिर होती, हे मान्य. धुराच्या दृष्टीने मात्र ती विनोदी होती. पाच लिटरच्या व्ही-८ इंजिनाची फोर्ड मस्टँग तेव्हा ४०,००० पौंडांच्या आत मिळत होती आणि किलोमीटरमागे जवळपास ३०० ग्रॅम ओकत होती. जुन्या पद्धतीत अशा गाडीला पहिल्या वर्षानंतरही दर वर्षी ५१५ पौंड पडत. नव्या पद्धतीत पहिल्या वर्षीचे २,००० एकदा भरले की पुढे वर्षाला १४०, म्हणजे शंभर ग्रॅमच्या फोर्ड फिएस्टाएवढेच. उलट टेस्लाच्या मॉडेल एस मधून काहीच धूर येत नसला तरी ती महाग, म्हणून तिला ३१० पौंडांचा अधिभार. तो अन्याय एप्रिल २०२० मध्ये दूर केला गेला, तोही पाच वर्षांपुरताच.

तरीही ऑस्बोर्न यांनी एक पथ्य पाळलं होतं. आधी नोंदलेल्या गाड्यांना त्यांनी हात लावला नाही. २००८ मध्ये तेव्हाचे अर्थमंत्री अॅलिस्टर डार्लिंग यांनी रस्त्यावर आलेल्या गाड्यांचे दर वाढवायचं ठरवलं तेव्हा एवढा गदारोळ झाला होता की त्याच वर्षी नोव्हेंबरात वाढ सौम्य करावी लागली. ज्या दिवशी गाडी घेतली त्या दिवसाचा नियम तिच्यासोबत जगतो, ही समजूत त्यातून पक्की झाली. विजेची गाडी घेणाऱ्यांनी तर ती गृहीतच धरली होती.

ती समजूत नोव्हेंबर २०२२ मध्ये मोडली. तेव्हाचे अर्थमंत्री जेरेमी हंट यांनी जाहीर केलं की एप्रिल २०२५ पासून विजेच्या गाड्याही कर भरतील. नव्याच नव्हेत, आधी घेतलेल्याही. १ एप्रिल २०१७ पासून नोंदलेल्या विजेच्या गाडीला २०२५-२६ मध्ये शून्याऐवजी इतरांसारखेच १९५ पौंड. त्याआधीच्या विजेच्या गाडीला २० पौंड, आणि पहिल्या परिच्छेदातल्या ३१ मार्चच्या प्रियसलाही २०. हायब्रिडची दहा पौंडांची सूट रद्द. त्यामुळे त्या वर्षी जानेवारी २०१७ ची निस्सान लीफ २० पौंड भरणार आणि त्याच वर्षीच्या मे महिन्यातली लीफ १९५. जुन्या बाजारात विजेची गाडी शोधणाऱ्याने बॅटरीचं आरोग्य तपासावं हे सगळेच सांगतात. नोंदणीचा महिना पाहावा हे त्या यादीत आता वरच्या ओळीत यायला हवं.

१९५ पौंड म्हणजे महिन्याला सोळा पौंडांच्या आसपास. एवढ्याने कुणी विजेची गाडी विकून पेट्रोलची घेणार नाही. खरा घाव बसला अधिभाराचा. २०२५ च्या नियमानुसार १ एप्रिल २०२५ पासून नोंदलेल्या विजेच्या गाडीची छापील किंमत ४०,००० पौंडांच्या वर असेल तर दुसऱ्या वर्षापासून पाच वर्षं ४२५ पौंड जास्तीचे. दोन्ही मिळून वर्षाला ६२० पौंड. ही ४०,००० ची रेषा लागू झाली २०१७ मध्ये, श्रीमंतांच्या आलिशान गाड्यांसाठी. आठ वर्षांच्या महागाईत ती तसूभर हलली नाही, आणि बॅटरीमुळे विजेच्या साध्या कौटुंबिक गाडीची किंमतही त्या रेषेशी जाऊन भिडली. त्यातही बारकावा असा की सरकार पाहतं ती छापील किंमत. डीलरने दोन हजार पौंड सोडले तरी हिशेबात ते धरले जात नाहीत, पण सनरूफ किंवा महाग रंग हौसेने घेतला तर त्याची किंमत धरली जाते. ३९,५०० ची गाडी आणि ७०० पौंडांचा चकचकीत रंग म्हणजे २०२५ च्या नियमानुसार पाच वर्षांत दोन हजारांहून जास्त अधिभार. तीन वर्षांनी तीच गाडी वीस हजारांत घेणारा दुसरा मालकही उरलेल्या वर्षांचा अधिभार भरत राहतो, कारण कराच्या लेखी ती अजून चाळीस हजारांचीच. ही विसंगती सरकारला उशिरा का होईना दिसली. नोव्हेंबर २०२५ च्या अर्थसंकल्पात विजेच्या गाड्यांसाठी ही रेषा एप्रिल २०२६ पासून ५०,००० वर नेण्याचं जाहीर झालं.

विजेच्या गाड्यांचे मालक रागावले, पण त्यांच्या बाजूने बोलताना मला थोडा संकोच वाटतो. ब्रिटनमध्ये मोटारीवरचा मोठा कर हा नाहीच. मोठा कर आहे इंधनावरचा: लिटरमागे ५२.९५ पेन्स, वर पुन्हा व्हॅट. वर्षाला आठ हजार मैल फिरणारी, लिटरला १४ किलोमीटर देणारी पेट्रोल गाडी घ्या. तिचा मालक केवळ इंधनशुल्कापोटी वर्षाला ४८० पौंडांच्या आसपास देतो. विजेच्या गाडीवाला यातलं काहीच देत नाही. घराच्या अंगणात चार्जर लावून रात्रीच्या स्वस्त दरात गाडी चार्ज करणाऱ्याला १९५ पौंड भरूनही तो सौदा परवडतो. ज्याला अंगण नाही त्याची गोष्ट निराळी. घरच्या विजेवर ५ टक्के व्हॅट आणि रस्त्यावरच्या सार्वजनिक चार्जरवर २० टक्के. म्हणजे फ्लॅटमध्ये राहणाऱ्याला वीज आधीच महाग, त्यावर कर चौपट दराने, आणि वाहनकर मात्र दोघांना सारखाच. कमी धुराच्या गाड्यांवरच्या अन्यायाची चर्चा करायची तर ती इथून सुरू व्हायला हवी, पण टीव्हीवरच्या वादात चाळीस हजारांच्या गाडीवाल्यांचाच आवाज मोठा असतो.

आणि इंधनशुल्क ही वर्षाला २४-२५ अब्ज पौंडांची बाब आहे. ती आटणार हे ठरलेलं, म्हणून पुढचं पाऊल आलं. अर्थमंत्री रेचल रीव्ह्स यांनी नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केलं की एप्रिल २०२८ पासून विजेच्या गाडीला मैलामागे ३ पेन्स आणि प्लग-इन हायब्रिडला दीड पेन्स शुल्क लागेल. वार्षिक वाहनकर वेगळा. आठ हजार मैलांना २४० पौंड, म्हणजे पेट्रोलवाल्याच्या इंधनशुल्काच्या साधारण निम्मे. गाडीत कुठलंही माग काढणारं यंत्र बसवायचं नाही. मालकाने वर्षाच्या सुरुवातीला अंदाजे मैल सांगायचे, आणि वार्षिक तपासणीत ओडोमीटर पाहून हिशेब जुळवायचा. जुन्या गाड्यांच्या धंद्यात ओडोमीटर मागे फिरवण्याची कला नवी नाही. आजवर ती गाडी विकतानाच उपयोगी पडे. अर्थसंकल्पावर स्वतंत्रपणे नजर ठेवणाऱ्या संस्थेच्या अंदाजानुसार या शुल्कामुळे पुढच्या काही वर्षांत विजेच्या सुमारे ४,४०,००० गाड्या कमी विकल्या जातील, आणि त्यातली बरीचशी भरपाई त्याच अर्थसंकल्पातल्या इतर सवलतींनी होईल. एका हाताने काढायचं आणि दुसऱ्या हाताने द्यायचं, यात अर्थमंत्रालयं कुठल्याच देशात कमी पडत नाहीत.

ब्रिटन यात पहिला नाही. न्यूझीलंडमध्ये डिझेल गाड्यांना किलोमीटरवर शुल्क भरण्याची सवय जुनीच होती. १ एप्रिल २०२४ पासून विजेच्या गाड्या त्याच रांगेत आल्या, हजार किलोमीटरला ७६ डॉलर. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याने २०२१ मध्ये असंच शुल्क लावलं होतं. दोन मालक कोर्टात गेले आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने असा कर बसवण्याचा अधिकार राज्यांना नाही म्हणून तो रद्द केला.

आपल्याकडे, म्हणजे महाराष्ट्रात, खेळाचे नियमच वेगळे. इथे खासगी मोटारीचा कर दर वर्षी भरायचा नसतो. नोंदणीच्या वेळी गाडीच्या किमतीवर एकरकमी भरायचा असतो, आणि शोरूममधला माणूस ऑन-रोड किंमत सांगताना तो त्यातच मिसळून टाकतो. पेट्रोल गाडीला किमतीनुसार ११ ते १३ टक्के, डिझेलला १३ ते १५. विजेच्या गाडीला काही नाही. १० मार्च २०२५ ला तत्कालीन अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात दोन गोष्टी मांडल्या: ३० लाखांहून महाग विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर, आणि सीएनजी-एलपीजीच्या खासगी गाड्यांच्या ७ ते ९ टक्के करात एक टक्का वाढ. पहिल्या प्रस्तावावर टीका झाली, आणि सोळा दिवसांनी मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत तो मागे घेत असल्याचं सांगितलं. दुसरी वाढ १ जुलै २०२५ पासून लागू झाली.

म्हणजे ४० लाखांची विजेची गाडी घेणाऱ्याचे २ लाख ४० हजार वाचले. आठ लाखांची सीएनजी गाडी घेणाऱ्याचा कर मात्र ५६ हजारांवरून ६४ हजारांवर गेला. सीएनजी जळली की धूर होतोच, ती विजेच्या बरोबरीची नाही, हे खरं. पण पेट्रोलपेक्षा ती स्वच्छ म्हणून तर तिला इतकी वर्षं कमी दर होता. पिंपरीत किंवा कल्याणला महिन्याच्या पगारातून हप्ता भरणाऱ्याने पंपावरची लांबलचक रांग सोसून निवडलेला स्वच्छ पर्याय हाच होता. त्याच्या आठ हजारांसाठी विधान परिषदेत कुणी आवाज चढवल्याचं ऐकिवात नाही.

एकरकमी पद्धतीचा एक मोठा दिलासा मात्र आहे. शून्य भरून नोंदलेल्या गाडीला, दर पुढे बदलले तरी, ब्रिटनसारखी दर एप्रिलला धाकधूक नाही, निदान ती राज्यात आहे तोवर. गाडी बारा महिन्यांहून जास्त काळ दुसऱ्या राज्यात ठेवली की तिथे नोंदणी बदलून घ्यावी लागते, आणि कर्नाटकने २०२४ मध्ये २५ लाखांहून महाग विजेच्या मोटारींवर १० टक्के आजीवन कर बसवला आहे. पेट्रोल गाडी घेऊन पुण्याहून बंगळूरला बदलून जाणारा माणूस तिथे कर भरतो आणि इथल्या आरटीओत उरलेल्या वर्षांच्या परताव्याचा अर्ज करतो. तो पैसा मिळायला वेळ लागतो, पण मागायला काही तरी असतं. विजेच्या गाडीवाल्याने इथे काही भरलेलंच नसतं, त्यामुळे तिथे जे बसेल ते सगळं त्याच्या खिशातून.